दानित्साच्या कानात

…सी. कपावरच्या सहा अक्षरांत सी हेच सगळ्यांत मोठं दिसत होतं. तसं ते मोठं नव्हतं, बाकीच्या अक्षरांसारखंच सोनेरी, गोलसर, बाळबोध वळणाचं होतं. पण मुक्ताची नजर फिरून फिरून तिथंच जाऊन टेकत होती. डी, ए, एन, आय – इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. घोटाळा त्या सीपाशी सुरू व्हायचा. तिनं कपाचा कान दुसऱ्या हातात घेतला, नाव भिंतीकडे केलं आणि चहाचा घोट घेतला. चहा पाणचट होता. या घरात दुसरं काय मिळणार?

असे डझनभर कप सत्यजितनं छापून घेतले होते, बारशाला येणाऱ्यांना जाताना एकेक द्यायला. आणि बारसं आज होतं. म्हणजे नाव ठेवायच्या आधीच, नाव छापलेल्या कपातून, नाव ठेवणारी आत्या चहा पीत होती – वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि ते घोडं आपण आहोत, एर्लांगेनहून गाड्या बदलत, डब्यात घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे घेऊन आलेलं घोडं, हे तिला कालपासून कळत होतं.

आणि नाव तरी काय! घरात त्याचे तुकडे करून जो तो आपापला तुकडा घेऊन बसला होता. सत्यजित दानिका म्हणतो. तिचा धाकटा भाऊ, बाळाचा सख्खा बाप. पण ऑफिसातले जर्मन म्हणतात म्हणून तोही दानिका म्हणतो, आणि आपण पोरीला परक्या नावानं हाक मारतो आहोत हे त्याच्या गावीही नाही. सत्यजितच्या ओळखीतले राजाभाऊ फोनवर डॅनिका म्हणाले होते, बिस्किटाचा पुडा मागावा तसं. दानित्सा – पहिल्या दावर जोर, मधला नि घाईत, आणि मग तो त्सा – असं म्हणणारी माणसं या घरात दोनच. एक बाळाची आई वेस्ना, जी जन्मली स्टुटगार्टात पण क्रोएशियन आईबापांच्या पोटी; आणि दुसरी वेस्नाची आजी, कारण ते नाव मुळात आजीचंच.

तिसरी मुक्ता. पण ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

एर्लांगेनला आपल्या न्हाणीघरात, आरशासमोर, तोंडातला फेस थुंकून झाल्यावर तिनं ते एकदा म्हणून पाहिलं होतं आणि पहिल्याच फटक्यात जमलं होतं. न जमायला काय झालं, तो च आपलाच. चहातला नव्हे, चमच्यातला. जर्मनांना लिहिलेला सी दिसतो आणि ते क म्हणून मोकळे होतात. मराठी जिभेला तो च जन्मतः येतो, चांदणी म्हणताना येतो तोच. आणि अर्थ शोधावा तर तोही चांदणीच निघावा! दान म्हणजे त्या लोकांच्यात दिवस. दिवस घेऊन येणारी ती दानित्सा, पहाटेची शुक्राची चांदणी. तिनं लॅपटॉप फाडकन मिटला होता. नाव वाईट असतं तर किती बरं झालं असतं. ओबडधोबड, दगडगोटे भरल्यासारखं एखादं स्लाव नाव असतं तर त्याला नावं ठेवत सुखानं झोपता आलं असतं.

पण झोपेचं सोडा. ज्या बाईचं नाव पोरीला दिलं, ती बाई जिवंत आहे! समोरच्या खोलीत सोफ्यावर बसून बारशाच्या दिवशी सकाळी सकाळी सॉसेज खाते आहे. आपल्याकडे जिवंत माणसाचं नाव घरात दुसऱ्याला देत नाहीत, एवढं साधं… कुणाला सांगायचं? कुणी "दानित्सा!" म्हणून हाक मारली की सोफ्यावरून म्हातारी "हा?" करते आणि पाळण्यातली दानित्सा झोपून राहते. तमाशा नुसता.

"ताई, उठलीस? झोप लागली का?" सत्यजित आत आला. दाढी केलेली, अंगात मोतिया रंगाचा झब्बा, इस्त्रीच्या घड्या तशाच.

"लागली."

"आल्झो, प्रोग्राम असा आहे. राजाभाऊ आणि स्नेहलतावहिनी येतीलच आता. मग पाळणा, मग तू कानात नाव सांगायचंस, मग जेवण."

"कुठलं नाव सांगू?"

तो हसला. तिच्या बोलण्यातलं कुसळ त्याला कधीच टोचत नसे, लहानपणीही नाही. "काय गं ताई! दानिका. श्टांडेसआम्टच्या कचेरीत नोंद पण झाली ना. इथं जन्मानंतर लगेच नाव द्यावं लागतं, आपल्यासारखं बाळ-बाळ करत बसता येत नाही."

"मग मी कशाला आले आहे?"

"असं काय करतेस! आत्याचा मान असतो तो." आणि त्यानं कपाटातून साखर काढली, तिला न विचारता तिच्या कपात आणखी एक चमचा टाकला, जणू मानाचाच.

मान. कचेरीत साहेबानं सही ठोकून झाल्यावर शिपायानं शिक्का मारावा, तो हा मान. मुक्ताला विधींवर काडीचा विश्वास नव्हता. एर्लांगेनच्या प्रयोगशाळेत ती माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा स्वच्छ करत असे, खरखरीतून खूण वेगळी काढत असे, आणि मुहूर्त, ओटी, औक्षण यांना ती खरखरीतच टाके. लग्न तिनं केलं नव्हतं. हळदीकुंकू तिला चुकलं होतं आणि ते चुकल्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आत्या हे एक पद असं होतं की ते आपोआप मिळतं, त्यासाठी कुणापुढे उभं राहून पसंत व्हावं लागत नाही. आणि त्या पदाला एक, एकच, अधिकार असतो…

आणि तो अधिकार यानंच दिला होता. आपल्या तोंडानं. पुण्यात, इस्पितळाच्या जिन्यात, आई आत गेलेली – गेली हे डॉक्टरांनी सांगून जेमतेम चहा थंड व्हावा एवढा वेळ झालेला – आणि हा घोडा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत म्हणाला होता, ताई, मला मुलगी झाली ना, तर शोभनाच. आईचंच नाव. आणि कानात तूच सांगायचंस. तिला रडता येत नाही. पण ते वाक्य तिनं जपून ठेवलं होतं, आणि वेस्नाला दिवस राहिल्याचं कळल्यापासून ती वाट पाहत होती, स्वतः आठवण करून न देता, कारण आठवण करून दिल्यावर आठवलेल्या गोष्टीला काय चाटायचंय? मग व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळ्या गावाला एकदम गेलेला तो फोटो: गुलाबी टोपी, आणि खाली नाव. बाराखडीतल्या कुठल्याच शोला त्यात जागा नव्हती.

मी चिडले नाही. चिडणं ही फार खालची गोष्ट आहे. मी फक्त ठरवलं.

ठरवलं ते सोपं होतं. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, कुर्रर्र करते आणि नाव सांगते. ते नाव आत्याला आणि बाळाला, दोघींनाच ऐकू येतं. मोठ्यानं जाहीर करायचं ते मागाहून. जाहीर काय हवं ते करू – दानित्सा म्हणू, दानिका म्हणू, डॅनिकासुद्धा म्हणू, बिस्किटाला काय जातंय! पण कानात जाईल ते शोभना. कचेरीतल्या वहीत एक आणि कानात एक. पोर मोठी होईल, जर्मन बोलेल, सॉसेज खाईल, आजीसारखी रुंद होईल. पण तिच्या आत कुठंतरी पहिलं पडलेलं नाव आपल्या आईचं असेल, आणि ते पुसायला कुठल्याही आम्टात खिडकी नसेल. या विचारानं तिला कालपासून असं काही बरं वाटत होतं की पाणचट चहासुद्धा ती आता संपवत होती.

राजाभाऊ आले. राजाभाऊ गिअरबॉक्सचे इंजिनियर आणि इथल्या मराठी मंडळींचे स्वघोषित भटजी. सोबत बायको स्नेहलता, हातात मोत्यांची झालर, पाळण्याला लावायची. पाळणा म्हणजे चार भिंतींचं लाकडी खोकं, झुलत नव्हतं. म्हणून त्याला दोरी बांधून तो ओढायचा असं राजाभाऊंनी येताना ट्रेनमध्येच ठरवलं होतं.

"मुहूर्त अकरा वाजून काही मिनिटांचा आहे हं, चुकवू नका," ते बूट काढता काढता म्हणाले. "मी पंचांगात बघूनच आलोय."

"कुठल्या पंचांगात?" मुक्तानं विचारलं.

"आपल्याच. पुण्याच्या."

"आणि घड्याळ कुठलं?"

त्यांनी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि प्रश्न न कळल्यामुळे प्रेमानं हसले. पुण्यात तो मुहूर्त केव्हाच उलटून लोक जेवून आडवे झाले होते. तिनं खुलासा केला नाही. उलटलेल्या मुहूर्तावर, न झुलणाऱ्या पाळण्यात, आधीच ठेवलेलं नाव ठेवायचं – सगळं कसं एकमेकाला शोभत होतं.

"नाव मात्र छान निवडलंत बरं का वेस्नाबाई," राजाभाऊ इंग्रजीत सुरू झाले. "डॅनिका! दान म्हणजे दिन. आपला दिन! आणि तुमचं वेस्ना म्हणजे आपला वसंत. अहो, हे स्लाव लोक म्हणजे मूळचे आपलेच. आपल्याकडून आले इकडे."

वेस्ना मान डोलवत होती. ती सगळ्यांनाच मान डोलावते. मुक्ताच्या कपाळाची शीर उडू लागली. दिन आणि दान ही भावंडं खरीच होती, ते तिनंही वाचलं होतं. पण खरी गोष्टसुद्धा या माणसाच्या तोंडून आली की उष्टी होऊन येते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सारं जग तिकडूनच निघालं, मग तुम्ही तिकडून इथं कशाला आलात, गिअर बदलायला? म्हातारीनं सोफ्यावरून काहीतरी विचारलं, वेस्नानं तिला तिच्या भाषेत सांगितलं, आणि म्हातारी राजाभाऊंकडे बघून खो खो हसली. मुक्ताला क्षणभर म्हातारी आवडली. लगेच तिनं ते आवडणं झटकलं.

मग बाळानं दुपटं ओलं केलं. वेस्ना तिला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दारातून वळून म्हणाली, "मुक्ताताई, येतेस जरा?" ती तिला मुक्ताताईच म्हणे, नवरा म्हणतो म्हणून, बाकी सगळं जर्मन.

खोलीत बेबी पावडरचा आणि आंबट दुधाचा वास. वेस्नाचे केस धुतलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं. ती बाळाचे पाय एका हातात धरून दुसऱ्या हातानं पुसत होती, आणि मुक्ताला दिसलं की हिला हे काम येतं. एवढं तिनं मान्य केलं.

"तुला नाव आवडलं नाहीये," वेस्ना वर न बघता म्हणाली. "खरं सांग. सत्यजितला कळत नाही, पण मला कळतं."

"नाव चांगलं आहे," मुक्ता म्हणाली. "प्रश्न नावाचा नाही. माझ्या आईचं नाव ठेवायचं असं ठरलं होतं."

"कुणाचं ठरलं होतं?"

"सत्यजितचं. माझ्याशी."

वेस्नाचा हात थांबला. "मला त्यानं कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. मी विचारलं होतं, तुमच्याकडचं काही नाव आहे का. तो म्हणाला, तू निवडशील ते." ती लालबुंद झाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते खरं होतं, आणि म्हणूनच मुक्ताला नकोसं झालं. ज्याला शिव्या द्यायच्या तो बाहेर झब्बा घालून पाळण्याला दोरी बांधत होता.

"शोभना," वेस्ना जपून म्हणाली. भ तिला जमला नाही. "त्याच्या पासपोर्टवर आहे आईचं नाव म्हणून. मग तिच्या कानातही तिच्या आत्यानंच सांगितलं असणार, हो ना? सत्यजित म्हणतो, कानातलं नाव हेच खरं, कागदावरचं मागून."

"नाही. शोभना लग्नानंतरचं." परदेशी माणसाला एखादी चालीरीत समजावून सांगताना होतो तसा मुक्ताचा आवाज सहज झाला, थोडा वरचा. "आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवीन नाव लिहायचं. सासरच्यांना आवडेल ते. शोभना माझ्या वडिलांकडच्यांनी ठेवलं."

"आख सो. मग कानातलं कुठलं?"

मुक्तानं तोंड उघडलं.

तोंड उघडल्यावर नाव येणार, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. ते तिथंच असणार, जिभेच्या मागं, घरातल्या चमच्याइतकं हाताशी. आणि तिथं काही नव्हतं. सुरकुतीसुद्धा नव्हती. ती थांबली, परत मनात शोधू लागली… मामा आईला अक्का म्हणायचा. वडील अगं म्हणायचे, आजी सूनबाई, शेजारणी सत्यजितची आई. मामा गेला. आजोळचं कुणी उरलं नाही.

"सांगते मग," ती म्हणाली, आणि वेस्ना तेवढ्यावर समाधान मानून लंगोटाच्या चिकटपट्ट्या लावू लागली.

…आई तांदूळ निवडत होती. सुपात नव्हे, ताटात. मी बारावीला, समोर गणितं, आणि ती म्हणाली होती, लग्नाच्या आधी ना, माझं नाव वेगळं होतं. मी हं म्हटलं होतं. ती म्हणाली, तुझ्या आजीला ते नको होतं, कुणीतरी होती त्या नावाची, अपशकुनी म्हणून. हं. मग ती थोडा वेळ काही बोलली नव्हती… की बोलली होती? सांगितलंच असणार. असं कुणी अर्ध्यात सोडतं का? ती ते नाव उच्चारून गेली असणार, तांदळातला खडा बाजूला काढावा तसं, आणि माझ्या गणितातला अवकल बरोबर आला होता. तो अजून आठवतो. अवकल आठवतो!

बाहेर स्नेहलतावहिनी फोनवर पाळण्याचं गाणं शोधत होत्या. मुक्ता सरळ सत्यजितपाशी गेली. तो गुडघ्यावर बसून दोरीला गाठ मारत होता.

"सत्या, आईचं माहेरचं नाव काय होतं रे?"

"माहेरचं? चाफेकर ना?"

"आडनाव नाही. नाव. लग्नाआधीचं."

त्यानं वर बघितलं. त्याचा चेहरा लहानपणी फळ्यासमोर उभा राहिल्यावर व्हायचा तसा झाला, गोल आणि रिकामा. "शोभनाच की," तो म्हणाला. "म्हणजे… बदललं होतं का?"

तिच्या आत तुच्छतेचा असा लोट उसळला की तिला वाटलं, आता बोलावं, जिन्यातल्या रडण्यापासून कपावरच्या सीपर्यंत एका दमात सगळं बोलावं या माणसाला. मूर्ख. आईच्या नावानं गळा काढतो आणि आईचं नाव… आणि लोट तसाच वर येऊन दुसऱ्या कुणावर न पडता तिच्यावरच उलटला. कारण याला निदान माहीत तरी नव्हतं की काही माहीत नाही. तिला सांगितलं होतं. तिच्यासमोर ताट घेऊन बसून सांगितलं होतं. जे नाव आज गनिमी काव्यानं या पोरीच्या कानात पेरायला ती निघाली होती, ते कुणा आत्यानं कधी कुणाच्या कानात सांगितलेलंच नव्हतं. तेही एका कचेरीचंच होतं, फक्त ती कचेरी तांदळाची होती.

"मुहूर्त! मुहूर्त!" राजाभाऊ ओरडले.

सगळे गोळा झाले. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत स्नेहलतावहिनींनी बाळ खालून दिलं, वेस्नानं वरून घेतलं. खोक्याखालून बाळ जाईना म्हणून ते दोरीखालून गेलं. म्हातारीला उठवून आणलं. राजाभाऊंनी तिला हातवारे करून समजावलं की आत्या वाकली की बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात, आमच्यात असंच असतं, आणि म्हातारीनं बाह्या वर केल्या.

मुक्ता वाकली. बाळाचा कान तिच्या अंदाजाहून लहान होता, आणि गरम. आतली वळणं अजून धड उमटली नव्हती. तिनं ओठ टेकवले आणि कुर्रर्र केलं. पहिला बुक्का बसला, वहिनींचा, लाडाचा. मग म्हातारीचा, चांगला खणखणीत.

शोभना तिच्या तोंडात तयार होतं. ते तिनं गिळलं.

"दानित्सा," ती कानात म्हणाली. दावर जोर, नि घाईत, आणि शेवटी आपला च. दुसरं काय सांगणार? निदान हे नाव कुणाचं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं; ज्या बाईचं होतं ती पाठीत बुक्के घालत होती. काम झालं. आता उठायचं, जाहीर करायचं, हरभरे वाटायचे.

ती उठली नाही.

"कुसुम?" ती त्या कानात म्हणाली, श्वासानंच. थांबली. आत काही हललं का पाहिलं. नाही. "विमल? …इंदू?" बुक्के पडत होते. "वत्सला. सिंधू. प्रमिला." एखादं नाव उच्चारल्यावर ताटातल्या तांदळांचा आवाज येईल, आईचा चेहरा वर होईल, एवढंच हवं होतं. "मंदाकिनी? यमू?" बाळाचे डोळे टक्क उघडे होते, ते ऐकत होतं, सगळं, एकामागून एक, परक्या घरच्या मेलेल्या बायकांची नावं. मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली, भलतीच मूर्ख बाई आहेस तू, आणि हा शब्द इतकी वर्षं तिनं इतक्या माणसांना लावला होता, पण तो इतका नेमका कधी बसला नव्हता.

"अहो, केवढं लांब नाव आहे हे!" राजाभाऊ हसले. सगळे हसले. "आत्याबाई, आता सांगा की मोठ्यानं!"

वहिनींचे हात थांबले होते. म्हातारीला थांबायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचा एक बुक्का आणखी बसला, आणि मुक्ताला तो हवासा वाटला.

"शकुंतला?" ती म्हणाली. नाही. तिनं श्वास घेतला आणि पुढचं नाव शोधू लागली.